टेकडीवर रिकामी जागा नसते

पावसाळा तोंडावर आला की पत्रांचा ढीग वाढतो. सगळ्यांना एकदम काहीतरी लावायचं असतं, नाहीतर कुठेतरी जायचं असतं. यावेळी सहा पत्रं घेतली आहेत. पहिल्या उत्तरात माझी जरा जास्तच जागा गेली, त्याबद्दल बाकीच्यांनी रागावू नये.

बाई, आमच्या सोसायटीने येत्या जूनमध्ये वेताळ टेकडीवर शंभर झाडं लावायचं ठरवलंय. वर पठारावर भरपूर रिकामी जागा आहे. वड, पिंपळ, कडुलिंबाची रोपं मिळाली आहेत. आणखी कुठली घ्यावीत? आणि बियांचे मातीचे गोळे फेकले तर चालतील का? (कोथरूड, पुणे)

आधी माझाच गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. १९८६ च्या जुलैत आठवीची पोरं घेऊन मी याच टेकडीवर चढले होते. सोबत घमेली, कुदळी, आणि वरून रिपरिप. मुरूम इतका कडक की एकेका खड्ड्याला तीन-तीन पोरं लागायची. रोपं होती गिरिपुष्पाची, म्हणजे आपली उंदीरमारी. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, पण तेव्हा सगळ्यांचंच लाडकं. भराभर वाढतं, खडकातही तग धरतं, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, मुळांच्या गाठींत नत्र साठवतं. अजून काय हवं? दोन पावसाळ्यांत आम्ही साडेतीनशे रोपं लावली आणि त्यातली बहुतेक जगली. दुःख तेच आहे.

फेब्रुवारीत त्या पट्ट्यात गेलात तर फिकट गुलाबी फुलोरा बघून खूश व्हाल. मग जरा खाली वाका. गवत जवळपास नाही. पाचोळा, एकसारखी काठीएवढी खोडं आणि खूप शांतता. शांतता म्हणजे पक्ष्यांचा आवाजच नाही अशी. माझा त्या वेळचा एक विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेला, कधीमधी फिरायला येतो आणि लांबूनच ओरडतो, “बाई, आपली झाडं!” मी हसून हात हलवते. त्याला काय सांगू?

आता तुमची ‘रिकामी जागा’. वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. अशा जागी निसर्ग घनदाट रान करत नाही. तो गवत करतो, आणि त्यात अधूनमधून सालई, मोई, धावडा, पळस, गणेर असली पानगळीची, कमी पाण्यात भागवणारी झाडं. हेच इथलं रान. आपल्याला ते उन्हाळ्यात वाळलेलं दिसतं म्हणून आपण त्याला ओसाड म्हणतो. सरकारी दप्तरातसुद्धा माळरानांची गणती बरेचदा पडीक जमिनीत होते, तर तुमच्या सोसायटीला तरी काय बोल लावायचा.

एक उद्योग सांगते. ऑक्टोबरअखेर वर या. कुसळी गवत तोवर पिकलेलं असतं, त्याची काळपट कुसळं एकमेकांत गुंतून वेण्या झालेल्या असतात. पायमोज्यांत घुसतात म्हणून तुम्ही त्यांना शिव्या दिल्याच असतील. त्यातलं एक कुसळ सोडवून घ्या. एका टोकाला सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वरती पीळ पडलेली लांब शेपटी. तळहातावर पाण्याचा थेंब घ्या आणि शेपटी त्यात भिजवा. अर्ध्या मिनिटात ती सावकाश फिरायला लागते. पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो. रात्रीच्या दवात आणि दिवसाच्या उन्हात असं फिरून फिरून ते बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं बसवतं, आणि उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. याला ना खड्डा लागतो ना वृक्षारोपणाचा फलक.

त्याच गवतात, काही घरटं-बिरटं न करता, उघड्या जमिनीवर रातवा दोन अंडी घालतो. संध्याकाळी अंधार पडता पडता त्याचा आवाज ऐकला असेल तुम्ही, फरशीवर गोटी टाकली की टक, टक, टकटकटक करत थांबते ना, तसा. चंडोलही जमिनीवरच. आणि पहिल्या दोन-चार पावसांनंतर याच ‘रिकाम्या’ जागेत काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला चिकटून उमलते, पांढरी मुसळी येते. रानकांदा तर पावसाचीही वाट बघत नाही. भर मे महिन्यात, पान नाही पातं नाही, नुसता दांडा वर काढतो आणि संध्याकाळी फुलतो. तुमचा दीड बाय दीडचा खड्डा नेमका यांच्या डोक्यावर पडणार.

२०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकरांचा मोर्चा निघाला, त्यात मीही होते. माझ्या हातातल्या फलकावर झाड काढलेलं होतं. गवत काढावं असं मलाही सुचलं नाही.

तर शंभर रोपांचं काय? वड-पिंपळांना बोटभर मातीत उभं करू नका. त्यांना मोठी जागा आणि खोल माती लागते, ती ओढ्याकाठी, गावाकडच्या बांधावर, मोठ्या मैदानाच्या कडेला शोधा. टेकडीची जमीन आपली घरची नाही, तिथे काही लावायचं तर जागा ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याला विचारूनच. बियांचे गोळे फेकूच नका. त्यात कसल्या बिया आहेत हे फेकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि हुरूप उरलाच तर एप्रिल-मेमध्ये पाच लिटरचा कॅन घेऊन वर या. आधी लावलेल्या देशी रोपांना पाणी घालणारी मंडळी वर्षानुवर्षं रोज चढतात, त्यांना हात हवेच असतात. फोटो मात्र येत नाहीत चांगले, घामाने चेहरा पुसट दिसतो.

रोज सकाळी टेकडीवर मोरांसाठी मूठभर गहू आणि मुंग्यांसाठी साखर नेतो. सून म्हणते बंद करा. तुमचं काय मत? (पाषाण)

सुनेचं ऐका. मोर किडे, सरडे, बिया, कोंब असं सगळं स्वतः मिळवून खातो आणि ते मिळवण्यातच त्याची शहाणीव टिकते. गव्हाच्या ढिगाला आधी उंदीर येतात, माणसांची वर्दळ बघून कुत्री येतात, आणि धीट झालेला मोर त्याच कुत्र्यांच्या तोंडी जातो. साखर घरच्या चहात घाला.

सुट्टीत नातवंडांना (वय ७ आणि ४) घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायचा विचार आहे. बिबट्यांची भीती वाटते. एवढ्या लहान मुलांना तिथे बघण्यासारखं काय आहे? (नाशिक)

पहिलं म्हणजे सोमवारी जाऊ नका, बंद असतं. नाशिकहून जाऊन फाटकाला हात लावून परत आलेलं कुटुंब माझ्या माहितीत आहे. (माझंच.)

बिबटे आहेत, आणि ते असणारच. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान, तीन बाजूंनी शहर आणि आत तुळशी-विहार हे मुंबईला पाणी देणारे तलाव. बिबट्या बहुतेक रात्रीचा फिरतो आणि माणसाला टाळतो. तुम्ही एवढंच करा, सकाळी लवकर आत शिरा, ऊन उतरायच्या आत बाहेर पडा, मुलांना पुढे पळू देऊ नका, आणि धाकटीला ‘शू’ आली म्हणून झुडपाआड एकटी बसवू नका. खाली बसलेलं लहान मूल जनावराला माणूस वाटत नाही. खरा त्रास माकडांचा होईल. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच. डबा सॅकमध्ये, सॅक पाठीवर आणि चेन बंद.

बघण्यासारखं काय, तर कान्हेरी. फाटकापासून सहाएक किलोमीटर आत आहे, वाहनाची सोय असते. १०९ लेणी आहेत. ती सगळी दाखवायच्या फंदात पडलात तर मुलं तुम्हाला पुन्हा आजी-आजोबा म्हणणार नाहीत. मोठं चैत्यगृह बघा, तिथे मुलांना टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकू द्या, आणि मग सरळ कातळावर वर चढा. वर खरी मजा आहे. भिक्खूंनी जवळजवळ प्रत्येक लेण्याला पाण्याचं टाकं खोदलंय, तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. कातळावर पडणारं पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. सात वर्षांच्या नातवाला सांगा, या पन्हळीत बोट घाल आणि पाणी कुठे जातं ते शोधून काढ. बोट पन्हळीतून उचलायचं नाही. अर्धा तास तुम्हाला निवांत बसायला मिळेल. पन्हळीतल्या वळणावर छिन्नीचे घाव अजून बोटाला लागतात.

वाटेवर पाड्यांवरच्या बायका काकडी-कैरी विकायला बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या, घरून वेफर्सची पाकिटं नेऊ नका. आणि उतारांवर खरखरीत पानांची, माणसाएवढी दाट झुडपं दिसतील ती कारवी. आपल्या आज्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. ही आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळी एकदम, आणि बी टाकून मरते. मुंबईकडे २०१६ मध्ये फुलली होती, मग २०२४ मध्ये. पुढची पाळी २०३२. धाकटी तेव्हा दहाएक वर्षांची असेल, आत्ताच डायरीत लिहून ठेवा.

गेल्या सप्टेंबरात सोलापूरहून खास कासला गेलो. फोटोत दिसतात तसे गालिचे कुठे नव्हते, गर्दी मात्र होती. पैसे वाया गेले असं वाटलं. आमचं काय चुकलं? (सोलापूर)

बहुधा रविवार चुकला. कासवर दिवसाला तीन हजार लोकांची मर्यादा आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती मर्यादा सुट्टीच्या दिवशी भरून वाहते. मधल्या वारी गेलात तर निम्मा वैताग कमी होईल. फुलांचं वेळापत्रक पावसाच्या हातात. साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठार रंग बदलत असतं, एका आठवड्यात तेरड्याचा गुलाबी, तर पुढे सोनकीचा पिवळा. तुम्ही दोन रंगांच्या मधल्या आठवड्यात पोचला असाल.

पण गालिचा बघायला उभं राहायला लागतं आणि कास बघायचं ते उकिडवं बसून, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही असं दिसतं. जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्यावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढा, आणि त्यात साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटलं त्यात कास आलं, ते गालिच्यांच्या फोटोंमुळे नव्हे.

पुढच्या खेपेला वीस-तीस रुपयांचं भिंग घेऊन जा. पायवाटेच्या कडेलाच बसा, आत पाऊल टाकू नका. ओलसर जागेत करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुलं घोळक्याने दिसतील, ती सीतेची आसवं. नाव किती करुण, आणि वनस्पती चक्क मांसाहारी! मुळांच्या जागी, ओल्या मातीत, तिला टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. पाण्यातला बारीकसा जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झडप उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप मिटते. या उथळ मातीत नत्र मिळत नाही, म्हणून हा मार्ग. जवळच दवबिंदू नावाची दुसरी मांसाहारी वनस्पती असेल, लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब धरून माश्यांची वाट बघत. तुमच्या शेजारी फुलांत आडवे पडून फोटो काढणारं जोडपं होतं का? असतंच. त्यांच्या पाठीखाली एवढं सगळं चाललेलं असतं.

आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला २० बाय ३० फुटांचा कोपरा मोकळा आहे. बारा कुटुंबांनी मिळून भाजीची बाग करायचं ठरतंय. पण आत्तापासूनच भांडणाची चिन्हं आहेत. कशी सुरुवात करावी? (डोंबिवली)

भांडण होणारच, तेव्हा ते वांग्यावरून होण्याआधी कागदावर करून घ्या. आमच्याकडे बारापैकी तीन घरं राबायची आणि बारा घरं तोडायची. एका वर्षी भोपळ्याचा वेल एका सभासदाच्या नव्या गाडीच्या टपावर पोचला, त्याची विशेष सभा झाली. विषयपत्रिकेत ‘भोपळा’ असं एकच कलम होतं.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या गावात नगरपरिषदेकडून भाड्याने भाजीचे तुकडे मिळतात. तिथे १९०८ पासून तसा कायदाच आहे. पूर्ण तुकडा अडीचशे चौरस मीटरच्या आसपास असतो, तिने अर्धाच घेतलाय आणि त्यात मेथी-कोथिंबीर लावून शेजारच्या इंग्रज आजोबांना थालीपीठ खाऊ घालते. तिथला एक नियम मला फार आवडला. तुकडा तुमचा, पीक तुमचं, पण तण माजू दिलंत तर नोटीस येते आणि तुकडा रांगेतल्या पुढच्याला जातो. ‘सगळं सगळ्यांचं’ यापेक्षा हे बरं चालतं. तुम्हीही तीन फूट रुंद, सहा फूट लांब असे वाफे पाडा, मध्ये दीड फुटाची वाट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. प्रत्येक वाफ्याला घराचा नंबर. कढीपत्ता, गवती चहा, अळू एवढंच सामाईक. पण त्याआधी एक दिवस दर दोन तासांनी खाली जाऊन बघा, ऊन किती वेळ टिकतं ते. पाच-सहा तास नसेल तर फळभाजीचा नाद सोडा, अळू आणि पुदिना लावा, भांडणंही कमी होतील.

पहिल्यांदा माठ किंवा चवळई पेरा. महिन्याच्या आत भाजी हातात येते, आणि एकदा घरच्या भाजीचा घास पोटात गेला की उदासीन सभासदही खुरपं मागायला येतो. भेंडी, गवार, दोडका जूनमध्ये. सोसायटीचा पाचोळा जाळणं आजपासून बंद करायला लावा, तोच तुमचा भांडवल-साठा. त्यावर शिंपडायला शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातलं अमृतजल करा. दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज दोन-तीनदा दोन्ही दिशांनी ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून वापरायचं. डोंबिवलीत शेण कुठून आणायचं असं विचारू नका, दुधाच्या भैयाला विचारा. वास येतो म्हणून तक्रार येईल. ती तळमजल्यावरून येईल, त्यांना पहिला माठ द्या.

भीमाशंकरच्या बाजूला एका देवराईत गेलो होतो. तिथे खाली पडलेली गारंबीची मोठी शेंग सापडली, जवळजवळ माझ्या हाताएवढी. दिवाणखान्यात लावली आहे. सासूबाई म्हणतात, परत ठेवून या. खाली पडलेली वस्तू आणण्यात काय चूक? (तळेगाव)

ठेवून या.

देवाचा कोप होईल की नाही ते मला ठाऊक नाही, पण सासूबाईंचा झालाय हे दिसतंय. देवराईचा रिवाजच असा, की वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. राई टिकली ती त्या रिवाजाने. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तोवर आसपासचे डोंगर उघडे पडले होते आणि हे तुकडे तेवढे गर्द राहिले होते. तुमच्या शेंगेत दहा-बारा बिया असतील, प्रत्येक रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठी. त्यातली एखादी रुजली तर वेल मांडीएवढा जाड व्हायला कित्येक वर्षं घेते. दिवाणखान्यात त्या फक्त खुळखुळतील.

शेंग पिशवीत लपवून नेऊ नका, हातात धरून न्या. गावात कुणीतरी विचारेलच, तेव्हा खरं सांगा. हसतील थोडं, चहा देतील. जायचं तर पंधरवड्यात जा. त्यानंतर पाऊस लागला की त्या बाजूला जळवा सुरू होतात आणि वाट शेवाळते.